हत्तीवरचे लाल ठिपके मते म्हणून न धरण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, नगरपालिका कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : खेळमैदानातील सिमेंटच्या हत्तीच्या नकाशावरील चित्रावर लागलेले लाल ठिपके 'काढून टाका' या बाजूची मते म्हणून न धरण्याबाबत.

संदर्भ : १) खेळमैदानाच्या नूतनीकरणासाठी आपल्या विभागाने घेतलेली नागरिक सूचना सभा.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) त्या तिन्ही अर्जांना आलेली आपली उत्तरे.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज. आधीचे तीन आपल्याकडे कुठे आहेत हे मी विचारत नाही. मी स्वतः सगळी नोकरी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली आहे, त्यामुळे अर्ज कोणत्या कपाटात विसाव्याला जातात हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून हा अर्ज आवकमध्ये चढवल्यावर कोणीतरी वाचावाही, एवढी पहिली विनंती. बाकीच्या विनंत्या पुढे आल्या आहेत. त्या लिहिता लिहिता बदलत गेल्या, त्याला माझा इलाज नाही.

२. खेळमैदानाच्या फाटकासमोर जी गल्ली सुरू होते, तिच्या तोंडावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मी राहतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सबंध मैदान दिसते. मैदानाला लागून जे आज टायरचे दुकान आहे, तिथे पूर्वी बालवाडी होती आणि ती माझी पत्नी चालवत असे. या भागातली निम्मी वस्ती तिच्या हाताखालून गेली आहे. तिला सगळे 'हत्तीच्या बाई' म्हणतात आणि मला 'बाईंचे मिस्टर'. माझ्या नावाने चौकशी केलीत तर आपल्या शिपायाला घर सापडायचे नाही.

३. आता हत्तीविषयी. आपल्या कागदोपत्री त्याची नोंद 'जुनी सिमेंटची घसरगुंडी, एक नग' अशी आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. शेपटीच्या बाजूने पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत खाली यायचे, असा तो हत्ती. एक कान तुटका. पोट पोकळ, लपाछपीच्या सोयीचे. मूळ रंग राखाडी, पण मागे कोणा अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत तो निळा झाला आणि निळाच राहिला. त्याची सोंड बरोबर आमच्या गल्लीच्या दिशेने आहे. बांधणाऱ्याने मुद्दाम तसे केले की जागा तेवढीच होती म्हणून, ते कळायला मार्ग नाही. माझ्या पत्नीने मात्र त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. बालवाडीत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी ती एक नियम सांगायची : "वाट चुकली तर रडायचं नाही. हत्तीपाशी यायचं आणि सोंडेजवळ उभं राहायचं. घरचं माणूस येतंच. अनोळखी माणसाबरोबर मात्र जायचं नाही, खाऊ दिला तरी नाही." आणि ज्यांची घरे आमच्या गल्लीत होती त्यांच्यासाठी नियम याहून सोपा होता : "सोंड दाखवेल तिकडे सरळ चालायचं."

४. माझ्या पत्नीला गेली काही वर्षे विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यात आजाराचे नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही कारण घरात आम्ही ते उच्चारत नाही. आधी ती गॅस बंद करायला विसरायची, मग बेरीज विसरली, मग मुलीचे लग्न झाल्याचे विसरली. मला विसरायला तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. सध्या मी तिच्या लेखी बालवाडीचा शिपाई आहे. डॉक्टरांना तिने सांगितले, "माणूस चांगला आहे. वेळेवर येतो. फक्त फार पुढे पुढे करतो." डॉक्टर हसले, मीही हसलो.

५. पण महोदय, हत्ती ती विसरली नाही. रोज सकाळी ती एक ओले फडके घेऊन एकटी खाली उतरते, रस्ता ओलांडते, हत्तीची पाठ, कान, सोंड पुसते, थोडा वेळ पायरीवर बसते. आणि मग सोंड दाखवेल तिकडे सरळ चालत घरी येते. मी खिडकीत उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघत असतो. रोज माझ्या हातातला चहा गार होतो. तेवढा वेळ ती कोणाची रुग्ण नसते. तेवढा वेळ ती बाई असते, आणि मैदानातली बाकी माणसेही तिला 'नमस्कार बाई' असेच म्हणतात. डॉक्टर मला सांगतात की दाराला वरच्या बाजूला, तिचा हात पोहोचणार नाही अशी कडी लावून घ्या. मुलगी दूरगावी असते, ती दर फोनला हेच सांगते : "बाबा, हट्ट करू नका. आई एक दिवस निघून जाईल आणि आपण शोधत बसू." मी दोघांनाही एकच उत्तर देत आलो. हत्ती आहे तोवर कडी लावणार नाही. ज्या बाईने एवढ्या मुलांना एकट्याने घरी जायला शिकवले तिला मी घरात कोंडू कसा?

६. आपल्या सूचना सभेविषयी माझी काहीही तक्रार नाही. उलट आभारच आहेत. आमच्या भागात जे काही बांधले ते आजवर आम्हाला न विचारता बांधले, आणि जे पाडले तेही. या वेळी प्रथमच आपण मैदानात मांडव घातला, टेबल लावले, मोठ्या फळ्यावर नकाशा चिकटवला आणि विचारले की तुम्हाला काय हवे. आपल्या तरुण अभियंता बाईंनी सगळे नीट समजावून सांगितले : हिरवा ठिपका म्हणजे ठेवा, पिवळा म्हणजे दुरुस्त करा, लाल म्हणजे काढून टाका. ठिपके पाठीमागून डिंक लावलेले, गोल, छान होते. लोकांना विचारायची सवय नसली की जे होते तेच तिथे झाले. सगळे एकदम बोलू लागले. एकाला चालायला पट्टा हवा होता, एकाला व्यायामाची यंत्रे हवी होती. तळमजल्यावरच्या वकिलांना मुले हवी होती पण मुलांचा आवाज नको होता. मी स्वतः बाकांना पाठ असावी या मुद्द्यावर औषधाच्या दुकानदाराशी हुज्जत घालत होतो. आम्हा म्हाताऱ्यांच्या पाठीचा प्रश्न होता, मी तो लावून धरला आणि जिंकलोही. नव्या नकाशात बाकांना पाठ आहे.

७. त्याच वेळी माझ्या मागे जे घडले ते आपल्या अवलोकनार्थ स्पष्ट लिहितो. माझ्या पत्नीच्या बालवाडीत एक रीत होती. ज्या मुलाने शहाण्यासारखे वागून दाखवले, डबा सांडला नाही, दुसऱ्याला ढकलले नाही, रडणाऱ्याला जवळ घेतले, त्याच्या हाताच्या पाठीवर ती लाल कागदाचा गोल ठिपका चिकटवायची. मुले तो हात धुवायला तयार नसत. आयांच्या नाकी नऊ यायचे. या भागात लाल ठिपका म्हणजे शाबासकी. तिच्या टेबलावर दुसऱ्या कोणत्या रंगाचा ठिपका कधी नव्हताच. तर त्या दिवशी टेबलावर लाल ठिपक्यांचा ताव तसाच पडून होता, कारण बाकी लोकांना काढून टाकण्यापेक्षा मागण्यातच जास्त रस होता. तिने तो ताव उचलला, नकाशावर हत्तीचे चित्र शोधले आणि त्याच्या पाठीवर एक ठिपका लावला. मग दुसरा. मैदानात खेळणारी पोरे भोवती जमली. तिने त्यांची रांग लावली, बऱ्याच वर्षांनी लावली, आणि प्रत्येकाच्या बोटावर एकेक ठिपका देऊन सांगितले, "हत्तीला द्या. तो किती वर्षं उन्हात उभा आहे, आणि कुणाला म्हणून पाडलं नाही त्याने." ताव संपेपर्यंत हे चालले. हत्ती लालेलाल झाला.

८. मी वळून पाहिले तेव्हा ती हसत होती. अभियंता बाईंनी फोटो काढला. तो आपल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे, खाली लिहिले आहे : 'नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग'. त्या फोटोत तिच्यामागे मीही आहे आणि मीही हसतो आहे, कारण ती तशी हसलेली मी फार दिवसांत पाहिली नव्हती. मला ठिपक्यांचा अर्थ ठाऊक होता. पण त्या क्षणी तो माझ्या डोक्यात आला नाही, आणि नंतर आला तेव्हा वाटले की कोणीही पाहील तर त्याला कळेलच. फाटकावर निकालाचा कागद लागला तेव्हा मी कपाळाला हात लावला. 'हत्तीची घसरगुंडी : काढून टाकण्याच्या बाजूने सर्वाधिक मते.' म्हणजे या मैदानात जिच्यावर सगळ्यांचा सगळ्यांत जास्त जीव, तीच वस्तू आम्ही एकमताने पाडायला सांगितली.

९. पहिल्या अर्जाला उत्तर आले की सूचनांची मुदत संपली आहे. दुसऱ्याला आले की लाल रंगाचा अर्थ सभेत जाहीर केला होता, तो परस्पर बदलता येणार नाही. मी अभियंता बाईंना जाऊन भेटलो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाल्या, "काका, मला सगळं कळतंय हो. पण अहवाल वर गेलाय. आता खालून काही होत नाही." तिसऱ्या अर्जाला आलेले उत्तर सगळ्यांत सविस्तर होते. त्यात म्हटले होते की ज्या मतदाराची चूक झाली त्याने स्वतःच्या अक्षरात तसे लिहून द्यावे. मी घरी येऊन तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवले. शब्द एकेक करून सांगितले. तिने लक्ष देऊन ऐकले, मान डोलावली आणि कागदावर हत्ती काढला. चांगला काढला, कानही दोन्ही काढले. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता तू रंगव." तो कागद तिचे लेखी म्हणणे म्हणून सोबत जोडला आहे. मी रंगवलेला नाही.

१०. वरील परिस्थितीत विनंती अशी की हत्ती आहे तसा ठेवावा. ते शक्य नसेल तर तो उचलून मैदानाच्या कोपऱ्यात हलवावा, सोंड मात्र गल्लीकडेच असावी. तेही शक्य नसेल तर निदान सोंड ठेवावी. ती जमिनीतून निघाल्यासारखी दिसेल, लोक हसतील, चालेल. तेही नियमात बसत नसेल तर पाडल्यावर सोंडेचा खालचा तुकडा आमच्या दारात आणून टाकावा. ओझे उचलायला माणसे मी बघेन. आणि यातले काहीच होण्यासारखे नसेल तर

११. दहावा परिच्छेद अर्धा राहिला आहे. तो खिडकीत बसून लिहीत असताना खाली यंत्राचा आवाज आला. मी नवा कागद घेऊन सगळे पुन्हा लिहायला हवे होते. आमच्या कचेरीत असा अर्ज मी स्वतः परत पाठवला असता. पण पुन्हा पहिल्यापासून लिहिण्याइतके बळ आता माझ्यात नाही, म्हणून याच अर्जात पुढे लिहितो.

१२. यंत्र आले तेव्हा ती हत्तीचा कान पुसत होती. आपल्या कामगारांबद्दल चांगलेच लिहायला हवे. त्यांनी यंत्र बंद केले आणि तिचे पुसून होईपर्यंत थांबले. यंत्र चालवणारा खाली उतरून तिला म्हणाला, "आजी, जरा बाजूला या, धूळ उडेल." ती बाजूला झाली. मी जिना उतरून पोहोचेपर्यंत सोंड गेली होती. आत नुसत्या तारा होत्या. पोटाचा भाग फुटला तेव्हा आतून लहान मुलाची एक चप्पल निघाली, बहुधा फार जुनी. तिने ती उचलली, झटकली आणि विचारले, "कुणाची राहिली ही?" मग ती चप्पल हातात धरून, जिथे सोंड टेकायची तिथे जाऊन उभी राहिली. रडली नाही. स्वतःचाच नियम पाळत होती.

१३. मी जवळ गेलो. तिने विचारले, "तुम्ही कुणाला न्यायला आलात?" मी म्हणालो, "तुम्हालाच." तिने मान हलवली. म्हणाली, "नाही हो, माझं घरचं माणूस येईल. मी थांबते." मी पुन्हा सांगितले, हात पुढे केला. तिने हात मागे घेतला. अनोळखी माणसाबरोबर जायचे नाही हे तिनेच तर शिकवले होते, आणि सगळे विसरली तरी तेवढे विसरली नव्हती. ऊन डोक्यावर आले. कामगार राडारोडा भरून निघून गेले. माझी लग्नाची बायको मैदानात उभी राहून माझी वाट बघत होती आणि मी तिच्या शेजारीच उभा होतो. महोदय, अर्जात असे लिहू नये हे मला कळते. पण त्या दुपारी मला जे वाटले ते माझ्या शत्रूलाही वाटू नये. शेवटी मी शिपायाच्या आवाजात म्हणालो, "बाई, शाळा सुटली. मला कुलूप लावायचंय." तेव्हा कुठे ती निघाली. गल्लीपर्यंत दोनदा थांबून तिने मागे वळून पाहिले, सोंड कुठे आहे ते.

१४. काल मी सुताराला बोलावून दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. तोही तिच्याच बालवाडीतला आहे. खाली बघून काम करत होता. ती शेजारी उभी राहून सगळे बघत होती, त्याच्या हातात एकेक स्क्रू देत होती. काम झाल्यावर तिने दार हलवून पाहिले आणि आत गेली. कुठल्या खणातून कोणास ठाऊक, पण जुना लाल ठिपका घेऊन आली. डिंक वाळलेला होता, तिने जिभेने ओला केला. त्याच्या हाताच्या पाठीवर चिकटवून म्हणाली, "छान केलंस हो, बाळा. किती नीट बसवलीस." त्याला मजुरी विचारली तर तो न घेताच जिना उतरून गेला. तो हात त्याने अंगापासून लांब धरला होता.

१५. तेव्हा आता माझी शेवटची विनंती. विषयात लिहिलेली विनंती कृपया रद्द समजावी. नव्या नकाशात हत्तीच्या जागी फायबरची लाल घसरगुंडी आहे आणि तिचे तोंड व्यायामाच्या यंत्रांकडे आहे. ते जरासे फिरवून आमच्या गल्लीकडे करावे. एवढेच. खर्च वाढत नाही, जागा वाढत नाही, अहवाल बदलावा लागत नाही, वकिलांनाही हरकत असण्याचे कारण नाही. ती नवी वस्तू ओळखेल की नाही हे डॉक्टरांना सांगता येत नाही, मलाही येत नाही. पण एक सकाळ मला करून बघायची आहे. मी सुताराला कडीचे स्क्रू सैलच ठेवायला सांगितले आहे. हाताने निघतात.

कळावे, आणि कळल्यास उत्तराची गरज नाही. घसरगुंडी फिरलेली मला खिडकीतून दिसेल.

आपला नम्र,
(सही)
बाईंचे मिस्टर

दिनांक : हत्ती पाडल्यानंतरचा तिसरा दिवस. आवक शिक्का मारताना आपली तारीख घालावी.

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) अहवालातील फोटोची प्रत. पाहून परत करावी, घरात तिचा हसतानाचा दुसरा अलीकडचा फोटो नाही.
३) पत्नीचे लेखी म्हणणे (हत्तीचे चित्र, न रंगवलेले).
४) लहान मुलाची चप्पल जोडलेली नाही. ती देत नाही. मूल परत येईल म्हणते.